मुंबई-नागपूर विमानाने खरंच किती वेळ लागतो? अंतर आणि वेळ स्वतः काढायची पद्धत

तिकीट बुक करताना स्क्रीनवर "१ तास २५ मिनिटं" असं येतं आणि आपण तेवढंच डोक्यात धरून बसतो. मी पण धरायचे. माझं माहेर वर्ध्याचं, राहते डोंबिवलीला, त्यामुळे मुंबई-नागपूर हा माझा नेहमीचा रस्ता, कधी ट्रेनने, कधी विमानाने.

काही वर्षांपूर्वी बाबांची अँजिओग्राफी होती, सकाळी ११ वाजताची वेळ दिली होती. मी ७ची फ्लाईट घेतली, म्हटलं ८:२५ला नागपूर, तिथून वर्धा दीड तास, म्हणजे १०ला मी बाबांजवळ. विमानाचं दार ७च्या आधी बंद झालं पण मग रनवेच्या लाईनीत पाऊण तास गेला, नागपूरला बाहेर येईपर्यंत सव्वानऊ, बॅग यायला अजून पंचवीस मिनिटं, टॅक्सी ठरवून निघायला दहा, आणि पोचले तेव्हा ११:२० झाले होते. बाबांना आत नेलं होतं. आई बाहेर बाकावर एकटीच, हातात बाबांचं घड्याळ आणि चष्मा घट्ट धरून. बाबा ठणठणीत आहेत आता, पण तो बाक काही डोळ्यापुढून जात नाही. तेव्हापासून मी स्क्रीनवरच्या आकड्यावर प्लॅन करत नाही, हिशोब स्वतः करते. तीच पद्धत इथे लिहिते, उदाहरण मुंबई-नागपूरचं आहे पण कुठल्याही दोन एअरपोर्टला तशीच चालेल.

आधी एअरपोर्ट नक्की कुठला ते बघा

हे फालतू वाटेल पण इथेच बरेच जण फसतात. आता मुंबईला दोन एअरपोर्ट आहेत. जुना छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ, त्याचा कोड बीओएम, आणि उलवे-पनवेलकडचा नवी मुंबई, त्याचा कोड एनएमआय, तिथून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली. बुकिंग साईटवर दोन्ही "मुंबई" म्हणूनच एका यादीत येतात, आणि स्वस्त तिकीट दिसलं की आपण कोड न बघता पैसे भरून मोकळे होतो. गोव्याचंही तेच, दाबोळी म्हणजे जीओआय आणि मोपा म्हणजे जीओएक्स, एक दक्षिणेला वास्कोजवळ आणि एक पार पेडण्यात. नागपूरला एकच आहे, सोनेगावचा, कोड एनएजी.

कोड बघितला की टर्मिनल बघा. जुन्या मुंबई एअरपोर्टचं टी१ विलेपार्ल्याच्या बाजूला आणि टी२ सहारला, दोघांच्यात रस्त्याने चार-पाच किलोमीटर, आणि ट्रॅफिक असेल तर तेवढ्याला अर्धा तासही जातो. सामान घेऊन चालत जायचा विचारही करू नका. टर्मिनल मधेच बदलतात सुद्धा, म्हणून बुकिंगच्या दिवशी बघितलं तरी निघायच्या आदल्या रात्री तिकीट पुन्हा एकदा उघडून बघा.

अंतर कागदावर काढा, पाच मिनिटांचं काम आहे

अंतर म्हणजे नक्की कुठलं हे आधी ठरवायला लागतं. मुंबई-नागपूर रेल्वेने सीएसएमटीपासून ८३७ किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, तोही मुंबईतून नाही, भिवंडीजवळच्या आमण्यापासून. आणि हवेतून सरळ रेषेत ६८० च्या आसपास. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत, त्यामुळे एकाने ८३७ सांगितलं आणि दुसऱ्याने ६८० तर भांडू नका.

हवाई अंतर काढायला कुठलंही ॲप लागत नाही. मॅपवर एअरपोर्टवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश येतात. मुंबईचे १९.०९ आणि ७२.८७, नागपूरचे २१.०९ आणि ७९.०५.

आता अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, हे सगळीकडे जवळपास सारखंच. फरक आला २ अंशांचा, म्हणजे उत्तर-दक्षिण २२२ किलोमीटर. रेखांशाचं मात्र तसं नाही, रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात, म्हणून १११ ला त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाईनने गुणायचं. आपल्याकडे मधला अक्षांश २० धरला तर कोसाईन ०.९४, म्हणजे एक अंश झाला साधारण १०४ किलोमीटरचा. रेखांशातला फरक ६.१८ अंश, म्हणजे पूर्व-पश्चिम अंदाजे ६४५ किलोमीटर. मग शाळेतला पायथागोरस, २२२ चा वर्ग अधिक ६४५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, उत्तर ६८२. झालं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं, फोन आडवा केला की कोसाईनचं बटण दिसतं.

विमानवाले नॉटिकल मैल वापरतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्यामुळे कुठे ३६८ असा आकडा दिसला तर तो हाच आहे, कमी झालेला नाही. आणि ही पायथागोरसवाली पद्धत भारतातल्या भारतात चालते. लंडन किंवा न्यूयॉर्कसाठी नाही, तिथे पृथ्वीचा गोलपणा धरावाच लागतो, त्याला ग्रेट सर्कल अंतर म्हणतात, ते ऑनलाइन कॅल्क्युलेटरवरच काढा. मुंबई-लंडन असं साधारण ७,२०० किलोमीटर येतं.

६८२ किलोमीटर, मग पाऊण तासात का होत नाही?

जेट विमान वर गेल्यावर ताशी ८३० च्या आसपास जातं, मग भागाकार केला तर पन्नास मिनिटंसुद्धा येत नाहीत. पण ते त्या वेगाने फार कमी वेळ असतं. पूर्ण उंची गाठेपर्यंत साधारण २०० किलोमीटर जातात आणि उतरायला सुरुवात होते तीही २०० किलोमीटर आधीच. म्हणजे सरळ रेषा धरली तर विमान शिर्डीच्या आसपास वर पोचतं आणि अकोल्याजवळ खाली यायला लागतं, मधलं तेवढंच काय ते पूर्ण वेगाचं. म्हणूनच या रूटवर चहा हातात येईपर्यंत सीटबेल्टचा दिवा परत लागतो.

शिवाय मुंबईचं एक आहे. इथे बहुतेक वेळा वारा पश्चिमेचा, आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं, म्हणजे नागपूर पूर्वेला असूनही विमान आधी जुहूच्या अंगाने समुद्रावर जातं आणि मग वळून मागे येतं. माझी मुलगी लहान होती तेव्हा खिडकीतून समुद्र बघून घाबरली होती, आई आपण आजोबांकडेच चाललोय ना म्हणून. तर हे वळण, आणि उतरतानाची वळणं, सगळी ६८२ च्या वर. प्रत्यक्षात हवेत मी मोजलेला वेळ बहुतेकदा १ तास ५ ते १ तास १५ मिनिटं भरतो.

आणि तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतोच. त्याला ब्लॉक टाईम म्हणतात. मुंबईत विमान जागेवरून हललं ते नागपूरला जागेवर थांबलं, एवढा वेळ. म्हणजे ७ची फ्लाईट ७ला उडत नाही, ७ला मागे ढकलायला सुरुवात होते, मग टॅक्सीवे, म्हणजे रनवेपर्यंत जायचा रस्ता, मग लाईन. मुंबईच्या जुन्या एअरपोर्टला रनवे दोन आहेत पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालतो, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत लाईन लागतेच. एअरलाईन्स हे ओळखून वेळेत आधीच थोडी सूट टाकून ठेवतात, म्हणून कधी कधी उशिरा उडूनही विमान "वेळेवर" पोचतं. परतीचा वेळ तिकिटावर बहुतेकदा पाच-दहा मिनिटं जास्त असतो तो याचसाठी, मुंबईला उतरायला वर घिरट्या घालाव्या लागतात.

माझा एक ठोकताळा आहे. किलोमीटरला ८०० ने भागा, मिनिटं करा, त्यात ४० मिळवा. नागपूर: ६८२ चे ५१ मिनिटं, अधिक ४०, झाले ९१ म्हणजे दीड तास. मुंबई-दिल्ली ११४० चे ८५ अधिक ४०, सव्वादोन तासांच्या थोडं आत. मुंबई-बंगळुरू ८३३, पावणेदोन तासांना थोडं कमी. मुंबई-मोपा ३८५ च्या आसपास, तरी १ तास १० मिनिटं. बघा, अंतर निम्म्याच्या जवळ आलं तरी वेळ निम्मा होत नाही, ते ४० कुठेच जात नाहीत. छोटं पंख्याचं एटीआर विमान असेल तर ८०० ऐवजी ४५०-५०० धरा, तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो तो वाचा.

वाऱ्याचं थोडक्यात सांगते. हिवाळ्यात वर पश्चिमेकडून जोराचे वारे असतात, म्हणून मुंबईहून नागपूरला जाताना विमान पाच-सात मिनिटं लवकर आणि येताना तेवढंच उशिरा. पावसाळ्यात हा फरक मिटतो किंवा उलटा होतो. एवढ्या छोट्या रूटवर त्याने काही बिघडत नाही, पण लंडन-अमेरिकेच्या फ्लाईटला जायच्या आणि यायच्या वेळेत तासाहून जास्त फरक दिसतो तो बराचसा याच वाऱ्याचा.

मागचे सात दिवस बघा

माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची पायरी ही आहे आणि लोक नेमकी हीच करत नाहीत. फ्लाईटरडार२४ या विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या साईटवर आपल्या फ्लाईटचा नंबर टाकला की मागच्या सात दिवसांचा हिशोब फुकट बघायला मिळतो, किती वाजता उडालं आणि किती वाजता उतरलं. वेळ कुठली दाखवतंय ते आधी तपासा, यूटीसी, म्हणजे ग्रीनविचची वेळ, असेल तर साडेपाच तास मिळवायचे.

सातही वेळा वहीत लिहा. सगळ्यात वाईट दिवस सोडून द्या, तो एखादा अपवाद असतो, आणि त्याच्या खालोखाल वाईट जो दिवस आहे तो आपला धरा. सरासरी काढू नका. सरासरीवर गेलात तर दोनातून एकदा उशीर ठरलेला, आणि दवाखाना, लग्नाचा मुहूर्त, परीक्षा अशा कामाला ते परवडत नाही.

अजून एक, सकाळची पहिली फ्लाईट बहुतेकदा वेळ पाळते कारण विमान रात्रीच तिथे येऊन उभं असतं. संध्याकाळचं विमान दिवसभर चार शहरं फिरून आलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत मुंबई-नागपूर दोन्हीकडे आकाश निरभ्र असूनही फ्लाईट दोन तास लेट, असं झालं तर तुमचं विमान दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं असण्याची शक्यता असते. निघायच्या आधी ॲपवर "येणारं विमान कुठे आहे" ते बघा, ते अजून लखनौला असेल तर घरूनच तासभर उशिरा निघा. पण एअरलाईनचा मेसेज आल्याशिवाय चेक-इनची वेळ मात्र चुकवू नका, कधी कधी दुसरं विमान लावून वेळ सावरतात. मुंबई एअरपोर्टवर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर रनवेच्या दुरुस्तीसाठी दरवर्षी एक दिवस सहा तास बंदही ठेवतात, तारीख आधी जाहीर होते.

जमिनीवरचा वेळ

आता खरा वेळखाऊ भाग. डोंबिवलीहून टी२ रस्त्याने ४० किलोमीटरच्या आसपास, पण वेळ सांगणं अवघड, पहाटे चारला तासाभरात आणि सकाळी नऊला दोन तासांतही नाही. म्हणून दिवसाची फ्लाईट असेल तर मी आता रेल्वे-मेट्रोनेच जाते. फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे खाली उतरून मेट्रो ३, आणि पुढचंच स्टेशन टी२. टी१ ला जायचं असेल तर तसंच पुढे सहार रोड आणि मग टी१. घरातून निघून पावणेदोन तास धरते, आणि महत्त्वाचं म्हणजे तो रोज पावणेदोन तासच राहतो, त्यात ट्रॅफिकचा जुगार नाही. मोठ्या दोन बॅगा आणि सोबत म्हातारं माणूस असेल तर मात्र टॅक्सीच करा, घाटकोपरच्या गर्दीत त्यांचे हाल होतात. पहाटेच्या फ्लाईटला मेट्रो सुरूच झालेली नसते, तेव्हाही टॅक्सीच.

चेक-इन बॅग असेल तर काउंटर फ्लाईटच्या ६० मिनिटं आधी बंद होतो, आणि बोर्डिंग गेट साधारण २०-२५ मिनिटं आधी. मी दोन तास आधी पोचायचं धरते. फक्त हातातली बॅग असेल, वेब चेक-इन झालेलं असेल आणि डिजियात्रा (चेहरा दाखवून आत जायची सोय) सुरू असेल तर दीड तास पुरतो. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीला काढून घेतात आणि आईच्या हातचं लोणचं तिथे टाकून येताना जीव तुटतो. पॉवर बँकेचं उलटं, ती हातातल्या बॅगेतच ठेवायची.

नागपूरला उतरल्यावर टर्मिनल लहान आहे, चालायला फार नाही. बॅग टाकलेली असेल तर वीस-पंचवीस मिनिटं, नसेल तर दहात बाहेर. सीताबर्डीकडे जायचं असेल तर ऑरेंज लाईनची मेट्रो आहे, पण एअरपोर्ट स्टेशन टर्मिनलच्या दारात नाही, वर्धा रोडवर आहे, सामान असेल तर तिथवर ऑटो करावा लागतो. आम्हा वर्ध्याच्या लोकांना एक बरं आहे, एअरपोर्ट शहराच्या वर्ध्याकडच्याच बाजूला, त्यामुळे नागपुरात शिरायला लागत नाही, बुटीबोरीवरून सरळ सव्वा ते दीड तासात घरी.

मग एकूण किती?

माझी वही उघडली तर असं दिसतं: घर ते टी२ पावणेदोन तास, एअरपोर्टवर दोन तास, ब्लॉक टाईम दीड तास, बॅग घेऊन बाहेर २५ मिनिटं, वर्धा दीड तास. बेरीज ७ तास १० मिनिटं. त्यातला हवेतला वेळ फक्त सव्वा तास.

ट्रेनचं बघा. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी कल्याणहून पकडायची, डोंबिवलीहून कल्याण दहा मिनिटं, आणि सकाळी थेट वर्धा, कारण या लाईनवर वर्धा नागपूरच्या आधी येतं. तास बारा-तेरा लागतात पण रात्र झोपेत जाते, कामाचा एकही तास बुडत नाही. म्हणून वर्ध्याला जायला माझा पहिला नंबर ट्रेनचाच, तिकीट कन्फर्म असेल तर. ज्यांचं घर नागपुरात खामला-प्रतापनगरला आहे आणि मुंबईत अंधेरीला राहतात त्यांचा हिशोब साडेचार-पाच तासांत बसतो, त्यांनी विमानच घ्यावं. पनवेल-नेरूळवाल्यांनी नवी मुंबईहून फ्लाईट आहे का ते आधी बघावं, नागपूरचं हवाई अंतर तिथून फक्त पंधरा-सोळा किलोमीटरने कमी आहे, म्हणजे हवेत काहीच वाचत नाही, पण जमिनीवर दीड-दोन तास वाचतात.

समृद्धीने गाडी घेऊन जायचं तर ५ जून २०२५ पासून आमण्यापर्यंत पूर्ण रस्ता सुरू झालाय. पण आठ-नऊ तासांचं एकसुरी ड्रायव्हिंग आहे, चालवणारे दोघं असतील तरच जा, आणि टायर तपासल्याशिवाय तर अजिबात नाही.

उशीर झालाच तर

ब्लॉक टाईम माहीत असण्याचा अजून एक उपयोग इथे होतो. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम असा आहे की ब्लॉक टाईम अडीच तासांपर्यंत असलेल्या फ्लाईटला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर खाणं-पिणं एअरलाईनने द्यायचं, तुम्ही वेळेवर चेक-इन केलेलं असलं की झालं. मुंबई-नागपूर दीड तासाची, म्हणजे यात बसते. काउंटरवर जाऊन मागा, आपणहून कोणी हातात आणून देईलच असं नाही. सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर दुसरी फ्लाईट किंवा पूर्ण पैसे परत, यातलं तुम्हाला हवं ते. पाठोपाठ दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील, म्हणजे नागपूर-मुंबई एक आणि मुंबईहून परदेशाचं वेगळं, तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी दुसरी एअरलाईन घेत नाही. अशा वेळी मधे निदान पाच-सहा तास ठेवा, आणि दुसरी फ्लाईट नवी मुंबईहून असेल तर त्याहून जास्त, नाहीतर सरळ आदल्या दिवशी या.

परत येताना उलटा हिशोब घरूनच सुरू करा. रात्री ८ची फ्लाईट असेल तर वर्ध्याहून चारला निघते, बुटीबोरीला कधी ट्रकांची रांग असते त्याला अर्धा तास जास्त धरून. ही फ्लाईट साडेनऊ-पावणेदहाला मुंबईत, बॅग घेऊन सव्वादहा, आणि रात्री साडेदहाच्या पुढे मेट्रोचा भरवसा धरता येत नाही, म्हणून संध्याकाळची फ्लाईट घेताना मी टॅक्सीचे पैसे तिकिटात मिळवूनच स्वस्त-महाग ठरवते. दुपारची फ्लाईट चारशे-पाचशेने महाग असली तरी बहुतेकदा तीच स्वस्त पडते. बाबांना लँडिंगची वेळ आता मी सांगतच नाही, ते तेव्हापासून फाटकात खुर्ची टाकून बसतात. "बाबा, दुपारी तीनला जेवायला येते" एवढंच सांगते.